सारख्या वजनाचे सूर

"टच म्हणजे शेवटी वजनच की," जावई म्हणाला. "आणि वजन हा आपला प्रांत. तुम्ही फक्त बसा, आई."

जावयाचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान होतं. बाजारातले निम्मे काटे त्याच्या हातून सरळ झालेले. त्यामुळे जगात अजून जे काही वाकडं आहे, ते केवळ आपण हात लावला नाही म्हणून राहिलंय, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

सासूबाई बसल्या, पण जेवणाच्या खुर्चीवर. वाजवायला बसायचं त्यांचं गोल स्टूल कोपऱ्यात होतं. ते एकदा जावयानं दुरुस्त केलं होतं, आणि त्यावरूनच पडून त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं त्या दिवशी त्यानं स्टूल पुन्हा दुरुस्त केलं आणि आता यावर हत्ती बसवा म्हणून सांगितलं. घरात हत्ती नसल्यामुळे ते तसंच पडून होतं.

सिंथेसायझर लेकीनं आणला होता, पट्ट्या हलक्या म्हणून. सासूबाई शाळेत बालवर्गाच्या गाण्यांना साथ करायच्या. आज संध्याकाळी शाळेच्या मोठ्या बाईंचा फोन येणार होता, की येताय, का दुसरं कुणी बघू? सासूबाईंनी घरात आधीच सांगून ठेवलं होतं. अंगाई हळू वाजली तर जाईन. एवढ्याएवढ्या गळ्यांवर धोंडे टाकायला जाणार नाही.

म्हणून टच लावायचा होता. बोट हळुवार पडलं तर सूर हळुवार, दणकून पडलं तर दणकून, आणि हे नेमकं किती, ते मशीनला सांगून ठेवायचं. जावयानं खिशातून पन्नास ग्रॅमचं पितळी वजन काढलं आणि मधल्या पट्टीवर ठेवलं. सूर आला. पुन्हा ठेवलं. या खेपेला जरा मोठा आला. तिसऱ्यांदा ठेवलं, तर नुसती कुजबुज.

त्याच्या कपाळाला आठी पडली. वजन एक आणि मापं तीन? असा काटा कुणी दुकानात आणला असता, तर त्यानं आधी मालकाला चार शब्द सुनावले असते. त्यानं टच हलका करून पाहिला, मध्यम केला, जड केला. मशीन काही ताळ्यावर येईना. शेवटी यादीच्या तळाशी आणखी एक पर्याय होता, तो न वाचताच दाबला. आणि काय सांगावं! आता वजन अलगद ठेवा, आपटा, नाहीतर लांबून टाका, सूर अगदी तेवढाच.

"झालं," तो म्हणाला. "आता इकडचं तिकडे होणार नाही."

सासूबाईंनी अंगाई सुरू केली. झोपलेल्या बाळाच्या कपाळावर टेकवावीत तशी बोटं टेकवली. आतून बँडपथक निघालं. त्यांनी आणखी हळू टेकवली. पथक जागचं हललं नाही. मग त्यांनी उजवा हात उचलून मांडीवर घेतला आणि डाव्या हातानं झाकला.

"मशीन बरोबर आहे, आई. मी स्वतः तपासलंय," जावई म्हणाला. त्याच्या मते हा दिलासा होता.

"मग हात गेला," त्या म्हणाल्या.

त्या चिडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. चिडल्या नाहीत. मोठ्या बाईंना काय सांगायचं, ते त्या मनातल्या मनात जुळवत होत्या. ओठ हलताना दिसत होते. जावयाची नजर कोपऱ्यातल्या स्टूलावर गेली आणि चटका बसल्यासारखी परत आली.

तेवढ्यात बोका खिडकीतून आला. या बोक्याच्या पायांची ख्याती अशी, की दुधाच्या पातेल्यावरचं झाकण निघतं आणि स्वयंपाकघरात उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. तो पट्ट्यांवर उतरला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत गेला. पाच-सहा बँडपथकं एकामागून एक गेली.

लेक ओल्या हातांनी धावत बाहेर आली. आई वाजवतेय का, म्हणून तिनं विचारलं.

"बोका," नवरा म्हणाला.

तिनं बोक्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, मग आईच्या झाकलेल्या हाताकडे.

"मग? त्याचंही मनगट मोडलंय का?"

पदराला हात पुसून तिनं स्क्रीन वाचली. वाचायला फार नव्हतंच. टच, बंद. तिनं मध्यम केलं आणि पितळी वजन उचलून नवऱ्याच्या हातात ठेवलं.

सासूबाईंनी एक बोट टेकवलं. मग दुसरं. अंगाई इतकी हळू निघाली, की मोरीतला नळ ठिबकतोय हे घरात सगळ्यांना पहिल्यांदाच कळलं. मधेच त्यांनी मुद्दाम एक सूर दणकावला, बोका पळाला, आणि त्या हसायला लागल्या. हसतच पुन्हा हळू झाल्या.

फोन वाजला. त्यांनी डाव्या हातानं घेतला, उजवा वाजवतच होता. "येते की," त्या म्हणाल्या. "न यायला काय झालंय मला?"

जावयाच्या छातीवरचं ओझं असं काही उतरलं, की त्याला निवांत ऐकत बसावंसं वाटलं. त्यानं हाताला लागलं ते कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि बसला.

त्याचं मनगट डावं मोडलं. दुसऱ्या दिवशी त्यानं प्लास्टरसकट हात दुकानातल्या काट्यावर ठेवून पाहिला. तीनदा ठेवला. तीन वेगवेगळी वजनं भरली.