देवीचा होकार

"सहापर्यंत सही झाली नाही तर उद्याचा नंबर दुसऱ्याला जाईल," भाविकाने तिसऱ्यांदा सांगितलं. तिच्या मोबाइलवर हॉस्पिटलचा फॉर्म उघडाच होता. सव्वापाच वाजून गेले होते.

तिचा नवरा कुंदन भिंतीला टेकून बसला होता. वय चौतीस, पण दोन जिने चढला की ओठ निळे पडायचे. हृदयाची झडप बदलायची होती, आणि डॉक्टर ती यंत्राच्या हातांनी बदलणार होता.

"देवी हो बोलली तर करतो," कुंदन म्हणाला. "मशीन माझ्या छातीत हात घालनार, आनि तिला विचारू पन नको?"

देवी यायची ती त्याच्या आईच्या, सुंदराबाईच्या अंगात. दर मंगळवारी. गेली बावीस वर्षं जुईनगरच्या गावठाणात कुणाचं लग्न, कुणाचं घर, कुणाचं दुबईला जाणं, तिच्या शब्दावाचून हललं नव्हतं.

आजही मंगळवारच. बाहेरच्या खोलीत दीर पंढरी संबळ कसत होता, शेजारची जयमाला हळदकुंकवाचं ताट लावत होती. सुंदराबाईने मात्र सुनेला स्वयंपाकघरात गाठलं होतं.

"डाक्टर काय बोलला, परत सांग. इंग्रजी झाडू नको."

"नाही केलं तर वर्षही निघणार नाही. केलं तर शंभरातले अठ्ठ्याण्णव चालत घरी येतात."

"आनि दोन?"

भाविकाने मोबाइल उलटा करून ओट्यावर ठेवला.

"तोंडात बोंबील धरलाय काय? विचारलं तर बोलायचं."

"आई, तुम्ही कशाला एवढं खोदून विचारता? सांगणार तर देवी ना?"

सासूने असं काही पाहिलं, की कुर्ता घातलेल्या भाविकाने नसलेला पदर सावरला.

संबळ सुरू झालं. सुंदराबाईने अंबाडा सोडला, पाटावर बसली आणि घुमायला लागली. बघता बघता कपाळावरून घामाच्या धारा लागल्या. दात कडकडा वाजू लागले.

"आज लय कडक आलीय गो," जयमाला पुटपुटली.

कुंदन हात जोडून पुढे सरकला. "देवी, जाऊ का मी?"

उत्तर येईना. सुंदराबाईचा जबडा हलायचा, पण शब्द बाहेर पडायचा नाही. मान गरागरा डावी-उजवी फिरत होती. गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या. असं कधी झालं नव्हतं. घाबरून पंढरीचा हात थांबला. भाविका घड्याळाला डोळे लावून उभी होती. सहाला सात कमी.

शेवटी सुंदराबाईने दोन्ही हातांनी पाट आवळून धरला आणि किंचाळली, "जा! सही कर! तुझ्या केसाला धक्का लागनार नाय!"

कुंदनच्या डोळ्यांना धार लागली. त्याने बोटानेच मोबाइलवर सही केली. भरती आजच व्हायचं होतं. पंढरीने त्याला धरून दारातल्या रिक्षात नेऊन बसवलं.

भाविका बॅग घ्यायला आत आली आणि सासूच्या पाया पडली. वाकल्या वाकल्याच कुजबुजली, "आई, मला कळलंय. देवी नव्हती. तुम्हीच बोललात."

"कुनाला सांगशील तर जीभ हासडीन." सुंदराबाईचा घाम अजून थांबत नव्हता. "बोलले मीच. आज पन, आनि बावीस वर्सं मीच बोलतेय. निघ आता, तो खोळंबलाय."

भाविकाने तिचे हात डोळ्यांना लावले आणि धावत गेली.

रिक्षा नाक्यावरून वळेपर्यंत सुंदराबाई हसत हात हलवत राहिली. मग उंबऱ्यावरच मटकन बसली.

"काय झालं गो?" जयमालाने विचारलं.

"काय नाय. पानी दे."

बावीस वर्षांत आज पहिल्यांदा देवी खरोखर तिच्या अंगात आली होती, आणि 'पाठवू नको' म्हणून ओरडत होती.