जांभळी रेघ

व्हर्लिन आपल्या बारीक नळीच्या बंदुकीची काडतुसं गेली वीस वर्षं गॅरेजमधल्या टेबलावर स्वतःच भरायचा. बायको, लोरीना, मदतीला आली की तिच्या हातातलं दारूचं माप काढून घ्यायचा. "हे नाजूक काम आहे. तू आपली कॉफी कर."

यंदा नेमबाजी क्लबचा चषक शेजारच्या रॉइसने नेला. हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या पंचवीसच्या पंचवीस फोडल्या, त्याही घरी भरलेल्या काडतुसांनी. व्हर्लिनच्या पोटात असं दुखायला लागलं की त्याने टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत. सगळे फोटो काढायला जमले तेव्हा त्याने रॉइसच्या काडतुसाची एक रिकामी पुंगळी हळूच खिशात टाकली. बघू तरी, लेकाचा भरतो काय.

गाडीत बसून त्याने ती उलटी केली. लुइझियानाची दमट हवा आत शिरू नये म्हणून बुडाच्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीभोवती घरी काडतुसं भरणारे सगळेच नेलपॉलिश लावतात. व्हर्लिन बिनरंगाचं लावायचा. इथे मात्र जांभळी रेघ होती. सकाळी लोरीनाच्या नखांवर होता तोच रंग.

घरी ती भेंडी चिरत बसली होती. त्याने पुंगळी तिच्यासमोर आपटली. "रॉइसकडे कधीपासून जातेस?"

"मार्चपासून. दर गुरुवारी." तिने मानसुद्धा वर केली नाही.

"कशाला?"



"काडतुसं भरायला. तिकडे कॉफी रॉइस करतो."