झील धरणारा

"वायरीवर सोल्डरचा डाग नीट बसला का रे, पॅडी?" ब्रेंडनने विमानाच्या पोटाखालून विचारलं.

"बसला. चाळीस वर्षं टेलिफोन खात्यात दुसरं काय केलं, ब्रेंडनभाऊ?" पद्माकररावांनी वायरीवर फुंकर घातली. पद्माकर हे नाव ब्रेंडनच्या जिभेवर पहिल्याच दिवशी अडलं होतं. तेव्हापासून ते पॅडी.

अ‍ॅथलोन या आयरिश गावाबाहेर, गवत साठवायच्या त्या जुन्या शेडमध्ये दोन माणसांपुरतं एक लाकडी विमान उभं होतं. ब्रेंडनने अकरा वर्षं खपून ते स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. आता एवढा एक खोका बसवायचा राहिला होता. पुढचं हवामान आणि आसपासची विमानं हवेतून टिपून तो समोरच्या टॅबलेटवर दाखवणार होता. लाकडावर अँटेना नीट चालेना, म्हणून पद्माकररावांनी बिस्किटांच्या डब्याचं झाकण कापून तिच्या बुडाशी बसवलं होतं.

"आणि तिकीट?" ब्रेंडन बाहेर येत म्हणाला.

"रद्द. दुपारी मेसेज आला."

"कितव्यांदा?"

"चौथ्यांदा."

ब्रेंडन फडक्याने हात पुसत राहिला.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत पद्माकरराव मुलीकडे, माधवीकडे, तीन महिन्यांसाठी म्हणून आले होते. हा दुसरा मे चालला होता. तिकडे नागपुरात घराघरात करोनाचा आजार, आणि घरात पत्नी शकुंतलाबाई एकट्या.

पद्माकररावांनी रोजच्यासारखा फोन सदऱ्याच्या खिशात उभा ठेवला आणि एकादशीचं कीर्तन लावलं. देऊळ बंद, म्हणून शकुंतलाबाई देवघरासमोर उभ्या राहून एकट्याच कीर्तन करायच्या आणि ते रेकॉर्ड करून पाठवायच्या. सुरुवात ठरलेली. "अहो, ऐकताय ना? जेवलात का?" मग टाळ, मग नमन.

तीस वर्षं त्या पुढे आणि हे मागे पेटीवर. त्यांनी ओळ म्हणायची, यांनी ती उचलून परत म्हणायची, झील धरायची. तेवढ्यात त्या दम घ्यायच्या. ती सवय अजून सुटली नव्हती. रेकॉर्डिंगमध्येही त्या नाम घेऊन थांबायच्या. मागे नुसता तंबोऱ्याच्या यंत्राचा आवाज. आणि इकडे शेडमध्ये, हातात स्क्रू ड्रायव्हर धरून, पद्माकरराव ती जागा भरायचे.

"विठ्ठल विठ्ठल…"

"तुझी बायको आमच्या फादरपेक्षा बरी," ब्रेंडन म्हणाला. "ते गातही नाहीत आणि लवकर थांबतही नाहीत."

दोघांनी मिळून विमान अंगणात ढकललं. संध्याकाळचे आठ वाजले होते, पण ऊन अजून कुंपणावर होतं. ब्रेंडनने छातीवर क्रॉसची खूण केली, पद्माकररावांनी खोक्याला नमस्कार केला, आणि बटण दाबलं.

हवामानाचं पान उघडलं. कोरं. पाच मिनिटं थांबले, तरी कोरंच.

"मेलं वाटतं!" ब्रेंडनचा चेहरा उतरला. "अमेरिकेहून मागवलंय मी!"

पद्माकररावांनी चष्मा लावला आणि माहितीपुस्तक शेवटच्या पानापासून वाचायला घेतलं, खात्यातली सवय. मग हसले.

"यंत्राला काही झालेलं नाही, भाऊ. हवामान सांगणारे मनोरे त्यांच्या देशात आहेत. इथे पलीकडून बोलणारं कुणी नाही."

ब्रेंडनने आभाळाकडे पाहिलं. "अकरा वर्षं खपलो आणि एवढं वाचायचं राहिलं! जाऊ दे. आयर्लंडात हवामान कळायला मान वर केली की झालं. दुसरं पान बघ, विमानांचं."

दुसऱ्या पानावर एक ठिपका होता. मग खालच्या कडेकडून आणखी एक आला. पद्माकरराव वाकले. ठिपक्याशेजारची अक्षरं त्यांनी ओठ हलवत वाचली. चार तिकिटांवर तीच अक्षरं होती.

"हे आपलं आहे," ते म्हणाले.

"कुणाचं?"

"आमच्याकडचं. घरी चाललंय."

सदतीस हजार फूट. त्यांनी वर पाहिलं. आभाळात खूप उंचावर पांढरी रेघ पूर्वेकडे सरकत होती, आवाज न करता.

"त्यांना आपण दिसतो का हो?"

"नाही रे, पॅडी." ब्रेंडनचा आवाज खाली आला. "हा खोका नुसता ऐकतो. ते आपल्याला दिसतात. आपण त्यांना नाही."

पद्माकररावांनी ठिपक्यावर बोट टेकवलं. ठिपका बोटाखालून पुढे निघाला, तसं बोटही त्याच्यामागे निघालं. काचेच्या कडेला ठिपका गेला. बोट तिथेच राहिलं.

खिशातून शकुंतलाबाईंचा आवाज आला. "विठ्ठल विठ्ठल…" आणि त्या थांबल्या.

तंबोरा वाजत राहिला. पद्माकरराव वरच्या रेघेकडे बघत राहिले, झील तशीच राहिली.

पंखाच्या पलीकडून, फडकं दोन्ही हातांत धरून, चर्चमध्ये खाली घालतात तशी मान खाली घालून, ब्रेंडनने जाडाभरडा आवाज काढला.

"विट्टल… विट्टल…"

सूर लागला नव्हता. पण खिशातल्या शकुंतलाबाई, दम घेऊन झाल्यासारख्या, पुढच्या ओळीला लागल्या.