लहानपणीचा हिरवा
मालकीणबाईंनी रंगाच्या सातव्या नमुन्यालाही नाक मुरडलं, तेव्हा रंगारी तणतणतच शिडीवरून उतरला. शंभर वर्षांच्या घराच्या दिवाणखान्याला बाईंना लहानपणीचाच हिरवा हवा होता. त्याने पुटांमागून पुटं खरवडून मूळ रंग शोधला, पहिल्याच दिवशी तसाच्या तसा कालवून लावला होता. ट्यूबलाइटच्या उजेडात बघून बाई म्हणाल्या, “शी, किती मळकट! आमचा कसा हसरा होता.” तेव्हापासून रोज नवा हिरवा, रोज नन्नाचा पाढा. आज त्याचं डोकं फिरलं. वारा तरी यावा म्हणून लाकडी खिडकी ढकलली, हलेना. कुणा अडाण्याने फटींसकट ऑइलपेंट फासून ती कायमची चिकटवली होती. शिव्या घालत त्याने रंग खरवडायचं पातं फटींतून फिरवलं, खांदा लावला. खिडकी करकरत उघडली, उन्हाचा पट्टा पहिल्या नमुन्यावर पडला. “हाच!” बाई भिंतीकडे धावल्या. “मग इतके दिवस कुठं लपवून ठेवला होतात?”