पिंपातली कॅसेट

"पिंप उघडायचं नाय," मथुराबाय म्हणाली आणि तांदळाच्या पिंपाच्या झाकणावरच बसली.

समोर जमिनीवर शर्मिष्ठा, मांडीवर छोटा टेपरेकॉर्डर. ती महादू वकिलाचं चरित्र लिहीत होती. महादू म्हणजे मथुराबायचा धाकटा दीर, दोन वर्षांपूर्वी वारलेला. वर्सोव्यात पोलिसांनी कुणाला विनाकारण उचललं की त्याच्या बापाआधी चौकीत पोचणारा. त्याची भाषणं, खटल्यांच्या फायली, फोटो, सगळं मथुराबायनं पोरीला मोकळ्या हातानं दिलं होतं. वर चहाही पाजला होता. पण पिंपात कॅसेटी होत्या. मार खाल्लेल्या माणसांनी महादूला जे सांगितलं ते, त्यांच्याच आवाजात. खाऱ्या हवेनं फिती खराब होऊ नयेत म्हणून तांदळात पुरलेल्या.

कोपऱ्यात शेजारची राधा कोळंबी सोलत बसली होती.

"मला एकच हवीय, आजी," शर्मिष्ठा म्हणाली. "बाजाराच्या मोर्चानंतर एका मुलीला रात्रभर चौकीत डांबलं होतं, तिची. वकीलसाहेबांची सगळ्यात मोठी केस. पण फायलीत तिचं नाव कुठंच नाही."

"नसणारच. पोरीबाळींची अब्रू आम्ही वेशीवर टांगत नाय."

"निदान त्यांना भेटता आलं तर..."

"मेली ती."

खोटं बोलताना मथुराबायचा आवाज जास्तच खणखणीत व्हायचा.

"मेली नाय," कोपऱ्यातून राधा म्हणाली. "कोळंबी सोलते."

शर्मिष्ठानं वळून पाहिलं. राधानं मान वर केली नव्हती. एक कोळंबी टोपात पडली, दुसरी हातात आली.

"राधे, गप!" मथुराबाय कडाडली. "घरात सून आली, नातू आला. आता म्हातारपणी लोकांच्या तोंडी जायचंय तुला?"

"लोकांच्या तोंडी मी तेव्हापासनंच आहे गो. खरं काय झालं तेवढंच कुणाला ठाव नाय."

"चाळीस वर्षं या पिंपाला कुणाचा हात लागू दिला नाय मी. कुणासाठी? तुझ्यासाठीच ना?"

"महादूभाऊनं मशीन लावायच्या आधी मला विचारलं होतं, बोलशील काय? मी हो म्हटलं." राधानं हात धुतले. "झाकण लावताना तू कुणाला विचारलंस?"

मथुराबायला कुणी उत्तर द्यावं आणि ते उत्तर टिकावं, असं कोळीवाड्यात आजवर झालं नव्हतं.

ती उठली. झाकण काढलं, कोपरापर्यंत हात तांदळात घातला, चाचपून एक कॅसेट वर काढली. पदरानं पुसली. शर्मिष्ठानं हात पुढे केला होता. मथुराबायनं ती राधाच्या हातात दिली.

राधानं उलटीपालटी करून पाहिली आणि शर्मिष्ठाला म्हणाली, "लाव."

आधी नुसतीच खरखर. मग एक कोवळा, चिडलेला आवाज बोलू लागला. मथुराबाय सवयीनं दार लावायला वळली.

"उघडं ठेव," राधा म्हणाली. "आणि पोरी, आवाज वाढव."

गल्लीत जाळं विणणारे दोघं थांबले. बाजाराची पिशवी घेऊन चाललेली एक बाई थांबली. समोरची खिडकी उघडली.

मथुराबायनं उंबऱ्यात पाट टाकला आणि त्यावर ऐसपैस बसली.

"उभ्या उभ्या काय ऐकताय रे?" ती गल्लीवर ओरडली. "खाली बसा!"