अष्टौप्रहर

"राउंड द क्लॉक म्हणजे अष्टौप्रहर. न थांबता," वसुंधराबाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं. "आपल्या भिलाईच्या पोलाद कारखान्याची भट्टी कशी पेटलेली असते, दिवस नाही, रात्र नाही. आता तू वाक्य कर."

लतिकाने पेन्सिल चावली. "मले नाही जमत बाई. डोक्यात शिरूनच नाही राहिलं."

"दगड आहेस."

"आई पण तेच म्हणते."

उभा जन्म शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेला, पण अशी मठ्ठ मुलगी बाईंनी पाहिली नव्हती. समोरच्या क्वार्टरात नव्याने आलेल्या घरची. बी.ए.ला इंग्रजीत नापास झाले म्हणाली, आणि बाईंचे यजमान शरच्चंद्रराव गेले, त्यांचं तेरावं उरकताच वही घेऊन दारात उभी राहिली. तेव्हापासून रोज दुपारी हजर.

बाईंना फक्त एक एकटी दुपार हवी होती. दाराला आतून कडी लावायची, आणि मग कोणी कितीही हाका मारल्या तरी उठायचं नाही.

पण कारखान्याच्या वसाहतीत, त्यांच्या सेक्टरात एकटेपण मिळेल तर शपथ. सकाळी कमलाबाई सूप घेऊन तांदूळ निवडायला येत; म्हणे, आमच्याकडे उजेड कमी. रात्री मैनाबाई वळकटीसकट हजर. घरी पाहुणे आहेत, पाय ठेवायला जागा नाही. ते पाहुणे काही हलत नव्हते. शेजारच्या सिंधुताईंनी तर रॉकेलचा डबाच उसना नेला होता, तो परत द्यायचं नाव नाही.

"माणूस गेलं की लोकांना घर धर्मशाळा वाटतं," बाई एकदा तोंडावर म्हणाल्या.

"वाटते ना बाई," मैनाबाई म्हणाल्या. "सरका जराशा तिकडं."

आता लतिकाने पान उलटलं. "बाई, चहा मांडू?"

"घरी जाऊन पी. मला पडू दे जरा."

"पडा ना. मी इथंच घोकत बसते."

"कावून छळून राहिली गं मले?" बाईंच्या तोंडून माहेरची बोली निसटली, आणि पाठोपाठ हुंदका. मग तो आवरेना. लतिका मान खाली घालून पुस्तकात पाहत राहिली.

दिवेलागणीला ती गेली. बाई लगबगीने दाराशी आल्या, कडीला हात घातला. बाहेर फाटकाशी सिंधुताईंचा दबका आवाज आला.

"जेवल्या का?"

"दोन घास. पण मावशी, आज बाई रडल्या. पहिल्यांदाच."

"बरं झालं. जा तू, आता मी बसते. रात्रपाळीले मैनाबाई आहे." फाटक करकरलं. "अन् ऐक, तू इंग्रजीत कॉलेजातून पहिली आली ते बाईले एवढ्यात कळू देऊ नको."