करवंदांचं वळण

“टर्बो बसवलाय, अण्णा. रेडिएटरही नवा. आता घाटात तापायची नाही,” तनुजानं वडिलांना बजावलं. तरी त्यांनी पाण्याचा कॅन मांडीवर घेतलाच.

त्यांची म्हातारी गाडी तरण्याताठ्या पोरीसारखी घाट चढू लागली. तनुजा खूश, अण्णांचं लक्ष मात्र खिडकीबाहेर. पुढं करवंदांच्या जाळीचं वळण दिसलं. दरवर्षी गाडी तिथंच तापायची, आणि ती निवेपर्यंत आई ओंजळभर करवंदं तोडून आणायची. यंदा आई नव्हती.

अण्णांची बोटं कॅनवर आवळलेली तनुजाला दिसली. तिनं गाडी कडेला घेतली.

“तापली वाटतं, अण्णा.”

अण्णांनी डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्याकडे पाहिलं. तो निम्म्यावरही गेला नव्हता.

“तापणारच,” दार उघडत ते म्हणाले. “अर्धा तास तरी लागेल निवायला.”